नासका लॉट

मी लढाईत होतो असं मी कधीच म्हणत नाही. लोक म्हणतात, आणि मी त्यांना थांबवत नाही. गल्लीत मला सगळे ‘मेजर’ म्हणतात. आमच्याकडं फौजेतून परत आलेला कुणीही माणूस मेजरच असतो, मग तो तिकडं भांडी का घासत असेना. मी भांडी घासत नव्हतो. मी दारूगोळ्याच्या डेपोत स्टोअरकीपर होतो. म्हणजे पेट्या मोजायच्या, पेट्या रचायच्या, पेट्यांवरचे आकडे वाचायचे, आणि साहेब आला की पेट्यांसमोर ताठ उभं राहायचं. अख्ख्या नोकरीत मला शत्रू दिसला नाही. माझ्या हातून गोळी सुटायची ती वर्षातून एकदा सरावाला, आणि तीही बहुतेक वेळा शेजारच्याच्या निशाण्यावर जाऊन लागायची. त्याला माझ्यामुळं शाबासकी मिळाल्याची उदाहरणं आहेत.

तरीपण सव्वीस जानेवारी आली की माझी छाती फुगायला लागते. आमच्या वस्तीत विहारासमोर झेंडावंदन होतं. झेंडा फडकतो, संविधानाची प्रास्ताविका म्हणून होते, पोरं जिलेबीच्या परातीकडं बघत चुळबुळ करायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच मंडळाचा अध्यक्ष माईक माझ्या हातात देतो. ‘‘आता आपले मेजरसाहेब दोन शब्द बोलतील.’’ दोन शब्दांवर मी कधी थांबलोय? जिलेबी गार होते, म्हातारी माणसं खुर्चीतच मान टाकतात, पण मी बोलत राहतो.

माझ्याकडं भाषण एकच आहे. ते मी ट्रेनिंगमध्ये एका उस्तादाच्या तोंडून ऐकलं. दुपारची वेळ, पोटात भरपूर भात, डोक्यावर पंखा. अर्धा तास ऐकलं आणि उरलेल्या अर्ध्या तासात मला गाढ झोप लागली. त्या अर्ध्या तासाच्या ऐकीव ज्ञानावर मी आजपर्यंत वस्तीत मान मिळवत आलोय.

भाषणाचा विषय असा, की शत्रूचा दारूगोळा नासवायचा कसा. शत्रूचं कोठार उडवायचं म्हणजे लई खटपट. पहारा चुकवा, तारा कापा, जीव धोक्यात घाला, आणि एवढं करून तो महिन्याभरात दुसरं कोठार भरणारच. त्यापेक्षा त्याच्या हजारो गोळ्यांत गुपचूप एक नासकी गोळी सरकवून द्यायची. दिसायला अगदी इतरांसारखी. कधीतरी ती त्याच्या एखाद्या शिपायाच्या बंदुकीत जाते आणि पुढं न सुटता तिथल्या तिथंच फुटते. गेला तर एक माणूस जातो. पण त्याच्या शेजारी उभे असलेले सगळे आपापल्या बंदुकीकडं संशयानं बघायला लागतात. आता कुठली गोळी चांगली नि कुठली नासकी, कोण सांगणार? मग त्यांचा साहेब काय करतो? एका वेळी तयार झालेल्या मालाला लॉट म्हणतात. तो अख्खा लॉट बाजूला काढतो आणि आपल्याच हातानं नष्ट करतो. ‘‘कोठार त्याचं, माणसं त्याची, मेहनत त्याची,’’ हितं मी माईकवर मूठ आपटतो, ‘‘आणि काम आपलं!’’ मूठ आपटल्यावर माईक किंचाळतो आणि झोपलेले जागे होतात. टाळ्या पडतात त्या भाषण संपल्याच्या आनंदात, हे मला कळतं. पण टाळ्या त्या टाळ्याच.

आमची ही बायकांत बसून दरवर्षी हे ऐकायची. हिचं माहेर दुधनी. तिकडं घरात मराठी नि कानडी दोन्ही चालतं, त्यामुळं मला बोल लावायला हिच्याजवळ दोन भाषा आहेत. मराठीतून समजावते आणि समजलं नाही की कानडीवर येते. भाषण झालं की घरी येताना ठरलेलं वाक्य असायचं. ‘‘साकु आता! बास की! पुढच्या वर्षी तरी दुसरं कायतरी बोला.’’

आता तंबाखूचं सांगतो, कारण खरी लढाई तिथंच झाली.

मला तंबाखू सरकारनं लावली असं मी सगळ्यांना सांगतो, आणि त्यात निम्मं खरं आहे. दारूगोळ्याच्या डेपोत काडीपेटी न्यायला बंदी. गेटवर खिसे तपासतात, काडीपेटी काढून घेतात, संध्याकाळी परत देतात. आत दिवसभर बिडी-सिगारेटचं नावसुद्धा काढायचं नाही. मग करायचं काय? आमच्यातले निम्मे लोक तंबाखू मळायला शिकले. तळहातावर चिमूट घ्यायची, चुना लावायचा, अंगठ्यानं रगडायची, थापटून धूळ उडवायची आणि गालफडात बार भरायचा. धूर नाही, ठिणगी नाही, डेपो सुरक्षित. निम्मं खोटं एवढंच, की रिटायर होऊन सोलापुरात आल्यावर घरात काडीपेटीला कुणाचीच बंदी नव्हती आणि तरी बार चालूच राहिला. जेवल्यावर एक, चहानंतर एक, पेपर वाचताना एक. भाषणाच्या आधी तर हवाच.

दाढ दुखायला लागली म्हणून सात रस्त्याजवळच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. पोरीच्या वयाची बाई. तिनं दाढ बघितली, आणि मग डाव्या गालाच्या आतल्या बाजूला बॅटरी धरून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, ‘‘काका, हितं पांढरा चट्टा आहे. तंबाखू आज बंद केलीत तर बहुतेक जाईल. नाही केलीत तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, आणि मग पुढं काय ते माझ्या हातात नाही.’’

ही शेजारी उभी होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, ‘‘ऐकलं न्हवं?’’ मी म्हणालो, ‘‘ऐकलं.’’ घरी आलो, फार अस्वस्थ वाटत होतं, म्हणून एक बार भरला.

त्यानंतर मी तंबाखू इतक्या वेळा सोडली की घरात त्याची थट्टा व्हायला लागली. सकाळी सोडायची, दुपारी धरायची. हिनं पुड्या सापडतील तिथून उचलून गटारात टाकायला सुरुवात केली. पण गाठ स्टोअरकीपरशी होती. सगळा साठा एका जागी ठेवायचा नाही, हा आमचा पहिला धडा. मी सुटी तंबाखू घ्यायचो, कागदाच्या पुडीत बांधलेली. एक पुडी कूलरच्या गवतामागं, एक युनिफॉर्मच्या ट्रंकेत, एक जुन्या बुटात, एक देवळीत ग्लुकोजच्या रिकाम्या डब्यात. एक कोठार गेलं तरी तीन शाबूत. ही रडली, भांडली, दोन दिवस बोलली नाही, कानडीत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी मान खाली घालून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, समोरून हल्ला करून काही होत नसतं बाई.

तेवढ्यात होटगीचं बोलावणं आलं. तिथं माझा लहानपणापासूनचा दोस्त राहतो, रेल्वेत गँगमन होता. त्यालाही हेच व्यसन. आम्ही दोघं भेटलो की एकमेकाच्या डबीतली खायचो, ती जास्त गोड लागते. त्याचं ऑपरेशन झालं होतं. ही नि मी बघायला गेलो. खालचा अर्धा जबडा काढलेला, तोंडाची एक बाजू आत गेलेली. बोलला ते मला काही कळलं नाही. त्याची बायको शेजारी बसून चमच्यानं पातळ पेज पाजत होती. निम्मी आत जायची, निम्मी हनुवटीवरून ओघळायची, ती पदरानं पुसायची आणि पुन्हा चमचा पुढं करायची. आम्ही होतो तेवढ्या वेळात एक वाटी पेज संपली नाही. दोस्तानं माझ्या शर्टाच्या खिशाकडं बोट केलं. खिशात डबी होती. मला वाटलं मागतोय. तर तो दोन्ही हात जोडून मान हलवायला लागला.

डोळे भरून आले हो. बाहेर पडलो, स्टेशनवर येऊन बाकड्यावर बसलो, आणि सवयीनं हात खिशात गेला. चुना लावून, रगडून, बार भरून झाल्यावर मला कळलं की मी काय केलं. ही शेजारीच बसली होती. मला वाटलं आता कानडी सुरू होणार. पण ती एक शब्द बोलली नाही, रुळांकडं बघत राहिली. तिचं ते गप्प बसणं मला फार सोयीचं वाटलं. मी किती कोडगा होतो ते एवढ्यावरूनच समजा.

त्याच महिन्यात सव्वीस जानेवारी होती. भाषण नेहमीचंच झालं, माईक किंचाळला, जिलेबी गार झाली. घरी येताना मी ‘साकु आता’ची वाट बघत होतो. त्याऐवजी हिनं विचारलं, ‘‘एकच गोळी नासकी निघाली, तरी समदा लॉट फेकून देत्यात व्हय?’’

काय सांगू तुम्हाला, मला हर्ष झाला. इतकी वर्षं ते भाषण देतोय, कुणी कधी एक प्रश्न विचारला नव्हता. मी रस्त्यातच थांबलो. ‘‘अगं, द्यायलाच पाहिजे! डेपोचा नियमच आहे. एक खराब सापडली की त्या लॉटमधल्या एकीवरही विश्वास ठेवायचा नाही.’’

‘‘आणि लई नासकी केली तर?’’

‘‘तर ओळखू येते ना! तपासणीतच पकडली जाते. थोडीच नासवायची. संशय यायला पाहिजे, पण पुरावा सापडता कामा नये.’’

‘‘आणि एकच घालायची? धा न्हाय?’’

‘‘एकच. आणि पुन्हा लगेच घालायची नाही. त्याला वाटलं पाहिजे, संपलं बहुतेक. मग दुसरी.’’

घर येईपर्यंत मी बोलत होतो. कुठल्या गुप्तहेरानं शत्रूला इतकी तपशीलवार माहिती दिली नसेल, आणि तीही हातवारे करून. ही ‘हूं, हूं’ करत ऐकत होती. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, बायकोला माझी किंमत कळली.

नंतर घरात शांतता झाली. पुड्या गटारात जायच्या बंद झाल्या. कूलरमागची पुडी जागेवर, बुटातली जागेवर. मी मनात म्हटलं, हिनं हार पत्करली. दोन-तीन वेळा दुपारी खलबत्त्याचा आवाज आला. मी पेपरमागून विचारलं, ‘‘चटणी का?’’ आतून ‘‘व्हय’’ आलं, आणि रात्री पानात खरोखरच शेंगाचटणी होती. आणखी काय पाहिजे माणसाला?

एके दिवशी कट्ट्यावर बसून बार भरला आणि तोंड कडूजार झालं. तंबाखूचा म्हणून एक कडवटपणा असतो, तो मला ठाऊक आहे. हा तो नव्हता. हा जिभेच्या मुळाशी जाऊन बसला. थुंकलो, चूळ भरली, गूळ खाल्ला, तरी जाईना. दुसरा कुणी तंबाखूखाऊ असता तर त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या आणि दुसरी पुडी उघडली असती. पण मी पडलो डेपोचा माणूस. ज्या दिवशी ही पुडी आणली त्याच दिवशी आणखी चार आणल्या होत्या, त्याच दुकानातून, त्याच पोत्यातल्या. म्हणजे लॉट एकच. मी घरी गेलो, चारही कोठारांतून माल काढला, बादलीत पाणी घेतलं आणि सगळी तंबाखू नियमाप्रमाणे भिजवून नष्ट केली. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

‘‘काय झालं वो?’’

‘‘नासका लॉट,’’ मी गंभीरपणे म्हणालो.

‘‘अय्यो! आणि बादली कोण घासायची?’’ एवढं म्हणून ती आत गेली.

नवा माल आणला. काही दिवस ठीक गेले. मग पुन्हा एक बार तसाच निघाला. पुन्हा बादली. मी दुकान बदललं. विजापूर वेशीतल्या एका जुन्या दुकानदाराकडून घ्यायला लागलो. तिथलाही लॉट नासका निघाला. तेव्हा मात्र मी तावातावानं त्याच्याकडं गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला फैलावर घेतलं. मालात भेसळ करता, लोकांच्या जिवाशी खेळता, वगैरे. तंबाखू विकणाऱ्याला मी जिवाची गोष्ट सांगत होतो! त्यानं पोत्यातली एक चिमूट काढून स्वतःच्या तोंडात टाकली, शांतपणे चघळली आणि म्हणाला, ‘‘माल में कुछ बी नई है मेजरसाब. तुमारी जबान कूच कुछ हुआ हुएंगा. डाक्टर कू दिखाव.’’

गिऱ्हाइकं हसली. मी हसलो नाही. घरी परत येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात वाजत होतं. जबान कू कुछ हुआ हुएंगा. माल चांगला असेल आणि मलाच कडू लागत असेल तर? होटगीच्या दोस्तानंही सुरुवातीला हेच सांगितलं होतं, की तोंडाची चव बदललीय. मी मोरीचं दार लावून घेतलं, आरशासमोर आ वासला आणि मोबाइलची बॅटरी आत धरली. एका हातानं गाल ओढायचा, दुसऱ्या हातानं मोबाइल धरायचा, आणि आरशात बघावं तर नुसता उजेड. घाबरलो. उगाच कशाला लपवू, लई घाबरलो. त्या चमच्यानं पाजलेली पेज डोळ्यासमोरून हलेना.

तंबाखू मात्र एकदम सुटली नाही. फक्त बार भरणं हे एक कामच होऊन बसलं. आधी पुडी पेपरवर पसरायची. काड्या निवडायच्या. वास घ्यायचा. भिंगातून बघायचं. मग कणभर जिभेच्या टोकावर ठेवून थांबायचं. एवढं करूनही धास्ती असायचीच की हीच ती असेल. पूर्वी बार भरला की डोळे आपोआप मिटायचे. आता डोळे टक्क उघडे ठेवून, फटाक्याची वात पेटवून मागं सरकावं तसा मी बसायचो. दिवसाचे बार कमी होत होत दोनावर आले, मग एकावर आले.

आणि घरात हिचं दुसरंच चाललेलं. त्याच महिन्यांत हिला मधूनच चक्कर यायची. एकदा मोरीत उलटी झाली, कपाळाला दरदरून घाम, हातपाय गार. मी दवाखान्यात नेलं. बीपी बरोबर, साखर बरोबर. मी माझ्याच घोरात होतो, वैतागून बोललो, ‘‘उपाशी राहून कामं करतेस, दुसरं काय होणार! वेळेवर जेवत जा.’’ तिनं मान डोलावली. त्या दिवशी भाकरी मिळाली नाही म्हणूनही मी कुरकुरलो होतो. तेही सांगून टाकतो.

शेवटी धीर करून, हिला न सांगता, सात रस्त्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी गाल ओढून बघितलं, पुन्हा बघितलं. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. ‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘चट्टा निम्म्याहून कमी झालाय. तंबाखू सोडलीत वाटतं?’’

आता या ठिकाणी सरळ माणूस काय म्हणाला असता? म्हणाला असता, बाई, मी सोडली नाही, माझा तंबाखूवरचा विश्वास उडाला. मी म्हणालो, ‘‘फौजी माणूस आहे. एकदा मनावर घेतलं की घेतलं.’’

‘‘शाब्बास काका! असली इच्छाशक्ती फार कमी लोकांत बघायला मिळते.’’

झालं. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला तेवढं पुरे होतं. उरलेली एक पुडी त्या संध्याकाळी बादलीत घातली आणि हिला जाहीर केलं, आजपासून कायमची बंद. ‘‘बरं झालं की,’’ ती म्हणाली आणि ज्वारीतले खडे निवडत राहिली. मला वाटलं होतं, आनंदानं रडेल तरी. दुसऱ्या दिवसापासून मी कंबर तलावावर फिरायला येणाऱ्यांना पकडून इच्छाशक्तीवर बोलायला लागलो. पुढच्या सव्वीस जानेवारीला तर दारूगोळ्याचा विषय अर्धा करून इच्छाशक्ती जोडली. भाषण दुप्पट लांबलं. जिलेबीला मुंग्या लागल्या म्हणतात. ही बायकांत बसून तोंडाला पदर लावून ऐकत होती. मला वाटलं, भरून आलंय.

यंदा पावसाळा संपता संपता मला ताप आला. अंग मोडून निघालं. हिनं रात्री काडेचिराईत भिजत घातलं आणि सकाळी उकळून काढा केला. आमच्याकडं तापाला पहिलं औषध तेच, गोळ्या मागून. लहानपणी आईनं नाक दाबून पाजलेलं, पण कितीतरी वर्षांत पोटात गेलेलं नव्हतं. मी पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला, आणि तो जिभेच्या मुळाशी जाऊन बसला.

ही चव माझ्या ओळखीची होती. या चवीपायी मी बादल्या भरभरून तंबाखू भिजवली होती. या चवीपायी एका भल्या दुकानदाराला चार लोकांत नाही नाही ते बोललो होतो.

मी पेला खाली ठेवला आणि हिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती.

‘‘हे तू घालत होतीस?’’

‘‘व्हय.’’ जराही आडपडदा नाही.

‘‘माझ्या पुडीत?’’

‘‘एकाच पुडीत. वाळवायचं, खलबत्त्यात कुटायचं नि मिसळायचं. तुमीच सांगितलं न्हवं, समदी नासवायची न्हाय म्हणून. मी टाकल्या तर तुमी नव्या आणताय. तुमच्या हातानं तुमी टाकल्या तरच जात्यात.’’

खरं तर मी चिडायला पाहिजे होतं. मी चिडलोही. ‘‘अगं पण त्या दुकानदाराला मी किती बोललो! आणि तलावावर सगळ्यांना सांगत फिरलो की—’’

‘‘सांगा की. कोण नको म्हणतंय?’’ ती म्हणाली. तेव्हा मला कळलं की सव्वीस जानेवारीला पदराआड भरून वगैरे काही आलेलं नव्हतं. ही हसत होती.

पण मी स्टोअरकीपर. मला एक गोष्ट काही केल्या जुळेना. काडेचिराईत थोडं कमी पडलं असतं तर तंबाखूच्या कडवटपणात मला कळलंही नसतं. थोडं जास्त झालं असतं तर मी पहिल्या बारालाच ओळखलं असतं. प्रत्येक वेळी बरोबर बेताचं. मी विचारलं, ‘‘किती घालायचं हे तुला कसं समजायचं?’’

‘‘खाऊन बघायची की.’’

‘‘काय?’’

‘‘तंबाखू. दुसरं काय?’’

‘‘तू?’’ माझा आवाज चिरकला. ‘‘चुना लावून? मळून?’’

‘‘मग? तुमी काय चुन्याबिगर खाताय व्हय? तसंच लागाय पायजे न्हवं?’’ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. ‘‘आणि म्हटलं, दोन्ही मिळून पोटात कायतरी वंगाळ झालं तर? आधी मला हू दे. काय न्हाय झालं. जरा गरगरायचं. एकदा तेवढं उलटलं. मग बीपी बघायला नेलं न्हाय का तुमी?’’

नेलं होतं. वेळेवर जेवत जा म्हणालो होतो. जन्मात जिनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं, ती दुपारी मी पेपर वाचत बसलेला असताना आत तळहातावर तंबाखू रगडत होती. कशी मळायची ते मला बघून बघूनच शिकली असणार. मला ताप होता, त्यामुळं डोळ्यांतून पाणी आलं त्याला निमित्त मिळालं. मी उरलेला काढा एका दमात पिऊन टाकला. ती म्हणाली, ‘‘सावकाश.’’

ताप उतरला त्या दिवशी मी रिक्षा बोलावली.

‘‘कुटं?’’

‘‘सात रस्त्याला. तुझं तोंड दाखवायला.’’

‘‘मला काय धाड भरलीया? जरा जरा खाल्ल्यानं काय हुतंय!’’

‘‘हे वाक्य माझं आहे,’’ मी म्हणालो. ‘‘गुपचूप बस.’’ तिनं रिक्षात सबंध वाटभर मला कानडीत ऐकवलं. रिक्षावाल्याला कानडी येत असावी, कारण तो आरशातून माझ्याकडं बघून हसत होता.

डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत बसवलं, बॅटरी पेटवली आणि सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, ‘‘काकू, तंबाखू, मिश्री, काही सवय?’’

तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग डॉक्टरीणबाईंकडं.

‘‘खात हुते की.’’

‘‘आणि आता?’’

‘‘आता न्हाय. ह्यांनी सोडली त्याच दिवशी मी बी सोडली.’’

‘‘अरे वा! दोघांनी एकदम?’’ डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. ‘‘काका, खरंच, तुमच्या इच्छाशक्तीला मानलं पाहिजे. स्वतः सोडली ती सोडली, काकूंनाही सोडायला लावलीत.’’

दवाखान्यात तीन-चार पेशंट बसले होते. सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. एरवी भाषणाला मला एवढं गिऱ्हाईक बास झालं असतं. आज मी एवढंच म्हणालो, ‘‘तिचं तोंड बघा ना तुम्ही.’’

त्यांनी बघितलं. डावा गाल, उजवा गाल, जिभेखाली. बॅटरी विझवून म्हणाल्या, ‘‘काही नाही. अगदी स्वच्छ आहे.’’

‘‘परत एकदा बघा,’’ मी म्हणालो.

‘‘काका, नीट बघितलंय मी.’’

‘‘असू दे. परत बघा.’’

ही तोंड उघडायला तयार नव्हती. पुरे म्हणून हात हलवत होती. मी खुर्चीपाशी गेलो आणि तिचा तो हात धरला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बॅटरी पेटवली.